पंडिता रमाबाई आणि आपले हळदीकुंकू

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले, आणि चिटणीसबाईंनी मलाही काहीतरी लिहून द्या म्हणून सांगितले. मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. माझ्या हातून फार तर सांदणांची कृती लिहून होईल." त्या म्हणाल्या, "कृती लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत. तुम्ही वाचनालयातून एवढी पुस्तके नेता, त्यातले काहीतरी लिहा." म्हणून हे धाडस केले आहे. कुठे चुकलेमाकले असेल तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

गेली दोन वर्षे दुपारची कामे आटोपली, की मी पंडिता रमाबाईंविषयी मिळेल ते वाचीत बसते. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' हातात पडले, तेथून ह्याची सुरुवात झाली. लक्ष्मीबाईंच्या माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक, की घरात येणारे मीठसुद्धा धुवून घ्यायचे! नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा ह्या बाईंच्या जिवाचे पाणी पाणी झाले. पाच वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्याच बाईंच्या घरात परक्यांची पोरकी मुले वाढली, आणि कोण कुठल्या जातीचे हा प्रश्न त्यांच्या चुलीपाशी उरला नाही. ते वाचून मला प्रश्न पडला, की सोवळ्यात वाढलेल्या बाईला हे बळ आले कोठून? त्याचा शोध घेता घेता मी रमाबाईंपर्यंत येऊन पोचले.

आता आरंभीच एक गोष्ट सांगून टाकते. माझ्या अंगणात तुळस आहे, आमच्याकडे गणपती येतो, आणि सोमजाईची ओटी भरल्यावाचून आमचे कोणतेही कार्य होत नाही. मी धर्म बदलण्याविषयी लिहीत नाही. पण शेजारणीच्या अंगणात चांगले फूल उमलले, तर त्याला चांगले म्हणायला आपली हरकत का असावी?

ख्रिस्ती लोकांच्या ग्रंथात एक गोष्ट आहे. येशूला ज्या रात्री धरून नेले, त्या रात्री तो शिष्यांबरोबर जेवायला बसला होता. मध्येच उठून त्याने कमरेला फडके बांधले, घंगाळात पाणी घेतले आणि एकेका शिष्याचे पाय धुऊन पुसले. एक शिष्य संकोचून नको नको म्हणू लागला, पण त्याचेही त्याने ऐकले नाही. आपल्याकडे पाहुण्याचे पाय धुण्याची चाल जुनी आहे. लग्नात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो. पण हे सगळे खालच्याने वरच्याचे पाय धुणे झाले. गुरूने शिष्याचे पाय धुवावेत, धन्याने चाकराचे धुवावेत, हे त्या गोष्टीतले निराळेपण आहे. आपल्या नाथमहाराजांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढले, काशीहून आणलेली कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी ओतली, असे आपण कीर्तनातून ऐकत आलो. ती वाट हीच. रमाबाई त्या वाटेवर प्रत्यक्ष चालल्या आणि हजारो मुलींना घेऊन चालल्या, म्हणून त्यांचे चरित्र सांगायचे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून लोकांनी त्यांच्यावर डोळे वटारले, तेव्हा ते रानात जाऊन राहिले. आईनेच रमाबाईंना पहाटे उठवून श्लोक शिकवले. पुढे हे कुटुंब तीर्थे हिंडू लागले. देवळात, घाटावर पुराण सांगायचे आणि लोक जे देतील त्यावर राहायचे.

मग १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. पैसा संपला, भांडी विकली, आणि पानपाल्यावर दिवस काढायची पाळी आली. वडील गेले, मागोमाग आई गेली, थोरली बहीणही गेली. आईला स्मशानात न्यायला चार माणसे मिळेनात. कशीबशी दोन माणसे पुढे आली, तिसरा भाऊ, आणि चौथ्या रमाबाई स्वतः! त्यांची उंची कमी, खांदा पोचेना, म्हणून आईची तिरडी त्यांनी डोक्यावर धरली. हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवले, आणि संध्याकाळी दिवा लावताना माझा हात थरथरत होता.

ह्या दुष्काळाबद्दल रमाबाईंनी पुढे जे लिहिले आहे, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. त्या म्हणतात, आम्ही विद्येच्या आणि कुळाच्या अभिमानाने मेलो. हाताने काम करायची लाज वाटे, भीक मागायची त्याहून लाज वाटे, आणि कामाचे शिक्षण तर कोणालाच नव्हते. हजारो श्लोक पाठ होते, पण त्यांतून भाकर निघाली नाही. हा धडा त्या जन्मात विसरल्या नाहीत.

उरलेली दोघे बहीणभाऊ पायी चालत देश हिंडली. १८७८ साली ती कलकत्त्याला पोचली. तेथील विद्वानांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी लग्न केले. १८८१ साली मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा पटकीने गेला. चोवीस वर्षांच्याही आत ही बाई आईबाप, बहीण, भाऊ आणि नवरा सगळ्यांना मुकली. पदराशी एक तान्ही मूल तेवढी राहिली.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. सरकारच्या शिक्षणविषयक मंडळापुढे, ज्याला हंटर कमिशन म्हणत, त्यांनी साक्ष दिली. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात असे तेथे ठणकावून सांगितले. मग १८८३ साली मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. जायचे होते वैद्यक शिकायला, पण ऐकण्याचा दोष निघाला आणि ते राहून गेले. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या.

ह्याच काळात त्यांनी लंडनजवळचे एक घर पाहिले. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांना त्या भगिनी तेथे ठेवून घेत. त्यांना न्हाऊमाखू घालीत, काम शिकवीत, त्यांच्याशी सख्ख्या बहिणीप्रमाणे बोलत. रमाबाई थक्क झाल्या. आपल्या देशात अशा बाईची सावलीही कोणी घेत नाही, असे त्यांच्या मनात आले. ह्या भगिनींना हे प्रेम कोणी शिकवले, असे त्यांनी विचारले. तेव्हा त्यांना येशूची आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. लोकांनी हलकी मानलेल्या बाईजवळ त्याने प्यायला पाणी मागितले, अशी ती गोष्ट आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आपल्या मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या साहेबीण झाल्या नाहीत. जन्मभर शाकाहारी राहिल्या, पांढरे लुगडे सोडले नाही. धर्मोपदेशकांनी सांगितले ते सगळे मुकाट्याने मानले, असेही नाही. त्यांच्या आणि मठातील भगिनींच्या पत्रांतून खूप वादावादी आहे. मला काय पटते ते मीच पाहणार, हा त्यांचा बाणा होता. प्रेम आणि सेवा त्यांनी घेतली, गुलामी घेतली नाही.

१८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई मुद्दाम गेल्या. तेथे त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली, इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि हिंदुस्थानातील विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईला चौपाटीवर 'शारदासदन' निघाले.

आता ह्या गोष्टीचा धागा आपल्या किनाऱ्याशी जुळतो.

माझे माहेर बाणकोटच्या खाडीपलीकडचे. आपण हरिहरेश्वरला उभे राहिलो, की समोर जो किनारा दिसतो तो. १८२३ च्या सुमारास स्कॉटलंडचे मिशनरी प्रथम बाणकोट-हर्णैलाच उतरून मराठी शाळा काढू लागले, असे मी वाचले तेव्हा मला नवल वाटले. लहानपणी आम्ही त्या किल्ल्यावर करवंदे खायला जात असू, पण ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. बाणकोटच्या पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै ओलांडले, की मुरूड लागते. ते धोंडो केशव कर्व्यांचे गाव. कर्वे आणि रमाबाई एकाच वर्षाचे, एकाच महिन्याचे. १८ एप्रिलला कर्वे आणि २३ एप्रिलला रमाबाई, पाच दिवसांचे काय ते अंतर.

शारदासदनात पहिली विधवा विद्यार्थिनी आली ती देवरुखची गोदूबाई जोशी. लहानपणीच कपाळ पांढरे झालेली ही कोकणातली मुलगी. तिचे भाऊ नरहरपंत आणि कर्वे हे स्नेही. कर्व्यांची पहिली बायको वारल्यावर त्यांनी ठरवले, की लग्न केले तर विधवेशीच करीन. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे शारदासदन निघाले त्याच तारखेला चार वर्षांनी, पुण्यात त्यांचे गोदूबाईंशी लग्न लागले. त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. मुरूडच्या लोकांनी कर्व्यांवर बहिष्कार टाकला. स्वतःच्या घरी स्वतःच्या आईबरोबर पंक्तीला बसण्याची चोरी झाली! पण त्याच कर्व्यांनी पुढे विधवांसाठी आश्रम काढला, हिंगण्याच्या माळावर झोपडीत शाळा मांडली, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, आणि १९५८ साली शंभराव्या वर्षी त्यांना 'भारतरत्न' मिळाले. रमाबाई ख्रिस्ती, कर्वे हिंदू. वाटा वेगळ्या, पण पहिली मुलगी एकीच्या दारातून दुसऱ्याच्या घरी गेली, हे विसरता येत नाही.

आता जे घडले ते सगळेच सांगायला हवे. शारदासदनात प्रथम धर्म शिकवायचा नाही असे ठरले होते. ब्राह्मण मुलींचा स्वयंपाक, सोवळे, सगळे वेगळे सांभाळले जाई. पण रमाबाई स्वतः प्रार्थनेला बसत तेव्हा आपल्या खोलीचे दार लावून घेत नसत, आणि मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. रानडे, भांडारकर ह्यांच्यासारख्या हितचिंतकांनीही अंग काढून घेतले. १८९३ साली पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. पुढे केडगावला तर शेकडो मुली ख्रिस्ती झाल्या, हेही खरे आहे. विश्वासाने सोपवलेल्या मुलींच्या बाबतीत रमाबाईंनी हे करायला नको होते, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. पालकांचा राग मी समजू शकते. मलाही मुलगी आहे. पण दुसरी बाजूही मनात येते. ज्या मुलींना घरी परत नेले, त्यांतल्या कितीजणी पुन्हा माजघराच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या असतील! आपल्या मुलींना दुसरीने जवळ केले म्हणून आपण रागावलो. पण ती जवळ करीपर्यंत आपण काय करीत होतो?

रमाबाईंची खरी कसोटी ह्यानंतर लागली. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्या पुण्यात सुखाने राहू शकल्या असत्या. पण तिरडी डोक्यावर घेतलेली मुलगी त्यांच्या मनातून गेली नव्हती. त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या. सरकारी छावण्यांतून, रस्त्यांवरून पोरक्या मुली गोळा केल्या. अशा वेळी मुली पळवणारी, विकणारी माणसेही टपलेली असत. शेकडो मुलींना घेऊन त्या पुण्याला आल्या, तो शहरात प्लेगची गडबड सुरू होती. इतकी गर्दी शहरात ठेवू नये असा हुकूम झाला. तेव्हा पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगाव येथे आधीच घेतलेली जमीन होती, तेथे त्यांनी मुलींना नेले. प्रथम तंबू आणि झोपड्या, मग विहिरी, मग दगडी घरे. २४ सप्टेंबर १८९८ रोजी त्याचे 'मुक्तिसदन' झाले.

त्या मुलींची दशा कशी होती, ते वाचवत नाही. अंगावर हाडे तेवढी उरलेली, डोक्यात उवा, तोंडात आणि अंगभर फोड. पोटभर मिळू लागले तरी भाकरी चोरून लपवून ठेवायच्या, कारण उद्या मिळेल ह्यावर त्यांचा विश्वास बसत नसे. शिव्या देत, मारामारी करीत. अशा मुलींना न्हाऊ घालायचे, फोड धुवायचे, घाण काढायची. कोणी केले हे? शारदासदनातल्या शिकलेल्या मुलींनी. एकेका मोठ्या मुलीने काही लहान मुली आपल्या म्हणून पदराखाली घेतल्या. जिच्या आईने तिला दुसऱ्या जातीचा वारा लागू दिला नव्हता, ती ब्राह्मणाची पोर आता कोणाची कोण ते न विचारता पोरीच्या डोक्यातल्या उवा काढीत बसली होती. रमाबाईंनी त्यांना जे व्याकरण आणि गणित शिकवले असेल त्याहून हा धडा मोठा होता.

१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेथूनही मुली आल्या. त्या वर्षी केडगावात १,५०० हून अधिक माणसे होती. एवढ्यांचा रोजचा स्वयंपाक, दळण, धुणे! आपल्या मंडळाचे दीडशे पानांचे जेवण करायचे तर आपण आठ दिवस आधीपासून घाबरतो. रमाबाईंनी प्रत्येक मुलीच्या हाताला काम दिले. शेत, गाईम्हशी, दूधदुभते, हातमाग, तेलाचा घाणा, शिवण, धोबीकाम आणि छापखाना. श्लोक पाठ असून उपाशी मेलेल्या कुटुंबाची मुलगी ती; आपल्या मुलींना तिने अक्षर आणि हात दोन्ही दिले. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवले. ज्या बायकांना कोणी फसवले होते, त्यांच्यासाठी 'कृपासदन' काढले. लंडनजवळ जे घर पाहून त्या थक्क झाल्या होत्या, ते घर त्यांनी आपल्या मुलखात उभे केले.

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. अडाणी बाईलाही वाचून कळावे, हा हेतू. खिळे जुळवायला त्यांच्याच मुली. आयुष्याची शेवटची सुमारे पंधरा वर्षे त्या कामात गेली. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२१ साली एकुलती एक मनोरमा गेली. आईचे काम पुढे नेणारी तीच होती. त्याही दुःखात त्या काम करीत राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. १९८९ साली त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट निघाले. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.

इतके सगळे वाचून झाल्यावर मला वाटले, की मोठ्या लोकांच्या गोष्टी वाचून डोळे पुसणे फार सोपे आहे. म्हणून आता माझ्या स्वतःच्या घरची गोष्ट सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

माझ्या लहानपणी माहेरी एक चुलत आजी होत्या. लाल आलवण नेसलेल्या, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. आम्ही त्यांना सोवळ्या आजी म्हणत असू. पहाटे उठून त्या सगळ्या घराचे करीत, पापड-कुरड्या त्यांच्याच हातच्या, बाळंतिणीला तेल लावायला त्याच. पण घरात मंगलकार्य निघाले, की त्या मागच्या पडवीत जाऊन बसत. त्यांना कोणी जा म्हणत नसे. त्यांचे त्यांनाच ठाऊक होते. मी एकदा विचारले, "आजी, तुम्ही का नाही येत?" त्या म्हणाल्या, "अगं, मला इथून सगळं दिसतं." मला त्या वयात ते उत्तर पटले होते.

३ जून २०२० रोजी आपल्या श्रीवर्धनवर 'निसर्ग' वादळ आले. ते कोणाला सांगायला नको. पोफळी आणि नारळ काडीसारखे मोडले, तीस-चाळीस वर्षांच्या वाड्या दोन तासांत आडव्या झाल्या. आमच्या घरावरची कौले उडाली, माजघरात पाणी. त्यातून कोरोनाचे दिवस, बाहेरचे माणूस यायला भीत होते. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. अंथरूण भिजले, घाणही झाली होती. मी आणि हे कौले गोळा करून वर काहीतरी अंथरण्याच्या धडपडीत होतो. इतक्यात आमच्या पाखाडीतल्या एक बाई आल्या. त्यांचे यजमान वारून पुष्कळ वर्षे झाली आहेत. असोली सुपारी सोलायला जाऊन त्यांनी मुलगा वाढवला. त्यांच्याही घराचे पत्रे उडाले होते. त्या काही न बोलता आत गेल्या, चूल पेटवली, पाणी तापवले, सासूबाईंना पुसून कोरडे नेसवले, त्यांचे पाय धुतले आणि शेकले. पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती, तेवढे दिवस त्या रोज येत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "पोटच्या लेकीने केले नसते ते हिने केले."

त्यानंतरची संक्रांत आली. मोजक्याच बायकांना बोलवायचे म्हणून मी हळदीकुंकवाची यादी केली. पाखाडीतल्या सगळ्यांची नावे लिहिली. त्यांचे लिहिले नाही. मुद्दाम गाळले असेही नाही. हात तेथे आपोआप थांबला. ह्यालाच मी जास्त भिते. संध्याकाळी बायका येत-जात होत्या तेव्हा त्या आपल्या अंगणात, आमच्याकडे पाठ करून, झाडत होत्या. झाडून झालेले अंगण पुन्हा झाडत होत्या.

सोवळ्या आजींचे ते उत्तर मला तेव्हा आठवले आणि ते खोटे होते हे कळले. पडवीतून काहीच दिसत नाही.

ज्या हातांनी माझ्या सासूचे पाय धुतले, त्या हातांवर मी हळद लावू शकले नाही. रमाबाईंची पुस्तके मी ह्यानंतर वाचली. प्रेम म्हणजे काय, सेवा म्हणजे काय, हे केडगावला जाऊन शोधायची मला गरज नव्हती. ते माझ्या चुलीपाशी येऊन पाणी तापवून गेले होते, आणि मी त्याला संक्रांतीला दारातून आत घेतले नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा वारल्यावर बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, ह्या प्रथा आमच्या गावात बंद. पुढे सरकारनेही इतर गावांना तसे करण्याविषयी पत्रक काढले. गावाचा ठराव होऊ शकतो, तर मंडळाचा का होऊ नये?

गेल्या संक्रांतीला मी त्या बाईंच्या घरी बोलवायला गेले होते. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही बोलावलंत, पोचलं. पण मी नाही यायची. तुमच्याकडे आलेल्या बायकांची तोंडं पडतील, आणि तुमचा सण बिघडेल." त्यांनी मला खोबऱ्याची वडी दिली आणि दारापर्यंत पोचवायला आल्या. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. एकीने बोलावून भागत नाही. सगळ्यांनी मिळून सरकून जागा करून दिली, तरच येणारीला बसता येते.

म्हणून माझी मंडळाला हात जोडून विनंती आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी करताना सधवा कोण आणि विधवा कोण हे पाहू नये. पाखाडीपाखाडीतून सगळ्यांना एकच निमंत्रण जावे, आणि ते द्यायला मंडळाच्या पदाधिकारी भगिनींनी स्वतः जावे. ज्यांना कुंकू नको असेल त्यांना तिळगूळ द्यावा, फूल द्यावे. पण बसायची सतरंजी एकच असावी. कोणाला मनातून अवघड वाटले तर ते मी समजू शकते, मलाही वाटले होते. पण रमाबाईंच्या त्या मुली पहिल्या दिवशी परक्या पोरीच्या डोक्याला हात लावताना शहारल्या नसतील काय? शहारा येतो आणि जातो. हात मात्र पुढे करावा लागतो.

माझ्या पाखाडीतल्या बाईंना बोलवायला मी पुन्हा जाणार आहे. ह्या वेळी मंडळाचे निमंत्रण घेऊन जाता आले, तर मला धन्य वाटेल. लेख लांबला, त्याबद्दल क्षमा असावी.